हेलपाटे

केपटाउनमध्ये आज चौथ्या टप्प्याचं लोडशेडिंग.
डोंगराच्या पायथ्याशी वस्त्या एकेक करून विझत गेल्या
आणि आमच्या हॉलमधली चौदा कपाटं तशीच घोंघावत राहिली,
डिझेलवर.

मी रात्रपाळीचा. काम सोपं :
तापमान बघायचं, आणि कुणी आलं तर दार उघडायचं.
अकराला झुकिस्वा आली, जुलैच्या पावसात भिजून.
बूट काढले, चौदाव्या कपाटामागे ठेवले,
जिथून गरम वारा बाहेर पडतो.
नियमात बसत नाही. मी पाहिलं नाही.
"रशीद, माझा समुद्र चाललाय ना?"

तिचा समुद्र म्हणजे अगुल्हासचा प्रवाह,
चार कोटी चौकोनांत कापलेला.
प्रत्येक चौकोनाला त्याची त्याची उष्णता, खारटपणा, वेग.
सहा दिवसांत बत्तीस वर्षं वाहून जातात
माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर,
आणि जमीन कोरडी.

तिनं आलेख उघडून दाखवला :
"बेरजेला, गुणाकाराला वीज लागते चिमूटभर.
खरी जाते हेलपाट्यांत.
एक आकडा आणायला मेमरीपर्यंत जायचं,
आणायचा, वापरायचा, टाकून द्यायचा
आणि लगेच तोच आणायला पुन्हा निघायचं.
तोवर प्रोसेसर काय करतो, माहितेय?
उभ्या जागी धावतो. पूर्ण वेगानं."
मला आमचे जुने साहेब आठवले.

झुकिस्वाची आई खायेलित्शात राहते.
नळ गल्लीच्या टोकाला होता तेव्हा
एकच बादली भरून कुणी परतलं, दुसरा हात मोकळा,
तर ती रागवायची नाही. नुसती त्या हाताकडे बघायची.
आता घरात प्रीपेड मीटर आहे.
युनिटं संपत आली की भाताला एक उकळी आणते,
पातेलं ब्लँकेटात गुंडाळते, पलंगाखाली सारते.
भात उशिरा होतो.
पण होतो.

तीन आठवडे ही मुलगी
लूपच्या आतले लूप उसवून पुन्हा शिवत बसली होती.
शेजारचे चौकोन आता शेजारीच राहतात,
एकदा उंबरा ओलांडून आलेला आकडा
चार कामं उरकल्याशिवाय परत जात नाही.
आणि आज, शेवटचं, वेग उतरवायचा.
प्रोफेसर स्ट्रायडम म्हणाले होते,
एवढी महागाची गाडी, आणि दुसऱ्या गिअरमध्ये?
तिनं सही मात्र घेतली होती त्यांची.

एक ओळ टाइप केली.
आधी काहीच झालं नाही.
मग पंख्यांचा सूर अर्धी पट्टी खाली आला,
अकरा वर्षांत मी ऐकला नव्हता इतका.
सहाऐवजी साडेसहा दिवस लागतील.
वीज मात्र एक तृतीयांशानं कमी.
तिनं टेबलावर हलकेच थाप मारली, एकदाच.

दहा मिनिटांत भिंतीवरचा मोठा आकडा
जिथे होता तिथे परत.
ती वळली. मला सांगावंच लागलं :
डिझेलवर असलो की मर्यादा ठरलेली,
बाकीची कामं रांगेत. तू जागा सोडलीस,
रांगेतलं पहिलं आत आलं.
"कुणाचं?"
डर्बनच्या एका मुलीचं. क्षयाचं औषध,
कुठला रेणू कुठे चिकटतो ते बघते.
नऊ दिवस थांबली होती.

"म्हणजे वाचलं काहीच नाही."
तसं नाही गं, मी म्हणालो,
आणि पुढचं वाक्य मला सुचलं नाही.
ती आकड्याकडे बघत राहिली,
आई मोकळ्या हाताकडे बघायची तशी नाही,
दुसरंच काहीतरी होतं ते.

अडीचला वीज आली. डिझेल थांबलं.
खाली एकेक खिडकी पिवळी होत गेली.
झुकिस्वानं कपाटामागे हात घातला,
बूट काढले, उलटे करून झटकले,
आत बोटं घालून पाहिली.
कोरडे होते. कोमट.
लेस बांधायला तिला बराच वेळ लागला.