बाजरी एक ते तीन

चिमणपुऱ्यात, उतारावर, आमची गिरणी.
दाराशी फळा. सासऱ्यांच्या वेळेपासून त्यावर एवढंच:
सकाळी गहू-जोंधळा, बाजरी एक ते तीन,
डाळीचं पीठ शनिवारी.

खाली वीतभर जागा उरायची.
रिकामी बघवेना, म्हणून एक ओळ लिहू लागले,
रोज, पट्टा चढवण्याआधी.

"जोंधळा यंदा हलका आलाय. भाकरी मोडली तर सुनेला बोलू नये."
"काल एका डब्यात अंगठी निघाली. खूण सांगून न्यावी."

वाचणारे सहा. मोजलेत मी.
तांबोळ्यांची दोन पोरं, अक्षर लावत लावत.
दूधवाला, सायकलवरून न उतरता.
वळणावरची शिंपीण. मी.
आणि नायकवडी, एस.टी.चे जुने कंडक्टर.
एकटा माणूस, खानावळीत जेवणारा,
त्यांना पीठ कशाला लागतंय?
तरी यायचे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं
की अंगठा जिभेला लावून वेलांटी पुसायचे,
माझ्याच खडूनं दुसरी काढायचे,
आणि तिकीट फाडून दिल्यासारखे निघून जायचे.

एका मंगळवारी लाइट गेली. घाईत लिहिलं:
"लाइट नाही. डबे ठेऊन जा.
माणसं थांबली तरी चालेल."

कोणा पोरीनं फोटो काढला, हेल्मेटसकट.
रात्री भाचा फोन धरून आला,
मामी, बारा हजार.
जेवेपर्यंत एकोणीस.
भांडी घासून होईतो एकतीस.
मीटरच्या चकतीसारखा आकडा फिरत होता
आणि गिरणी बंद होती.

मग कासला जाणाऱ्या गाड्या आधी इथं वळू लागल्या.
फळ्याला गाल लावून लोक हसले.
एकाच्याही हातात डबा नाही.
एक जण म्हणाला, माणसं थांबली! काय खोल आहे हो.
म्हटलं, खोल काय, आत बाकडं आहे, सावलीला.
तेही त्यानं लिहून घेतलं.
एकाला कपावर छापायचं होतं.
दूधवाल्याला सायकल काढायला जागा उरली नाही.

खोटं कशाला बोलू, गोड लागलं.
दुपारी शटर अर्धं ओढून
मी भाच्याकडे फोन मागायची.
ओळ लिहायची, पुसायची. लिहायची, पुसायची.
माझा ळ वाकडा दिसायला लागला,
जो पहिलीपासून वाकडाच होता.
त्या नादात दगडाला टाकी लावायची राहिली,
पीठ जाड पडलं.
शिंपीण डबा आपटून म्हणाली,
चपाती चरचरतेय, आता तुझी ओळ चावू का?

नायकवडी एकदाच दिसले,
गर्दीच्या मागं, समोरच्या ओट्यावर,
टाचा उंचावून.
मी हात केला. कुणीतरी मध्ये आलं.

तीन आठवडे झाले असतील.
एका सकाळी कोणीच नाही.
पार्ल्याचा एक पुडा नाल्याकडे चाललेला.
दोनदा बाहेर येऊन बघितलं,
रस्ता खालपर्यंत, पुन्हा वरपर्यंत.
मग पट्टा चढवला.

दुपारी ते आले. शर्टाची वरची गुंडी लावलेली.
फळ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.
म्हणाले, त्या दिवशीचं ते
'ठेऊन' नव्हे, 'ठेवून'.
पुसलं गेलंय, तरी सांगितलेलं बरं.
एवढ्या लोकांनी वाचलं, म्हटलं कोणीतरी सांगेल.

मी म्हटलं, नाही सांगितलं कोणी.

गिरणी घरघरत होती.
माझ्या हाताला खडू होता की पीठ, कळत नव्हतं.
ते फळ्याकडे वळले.
बाजरी एक ते तीन.
खाली?
आज सुचलं नाही काही.

बरं, म्हणाले.
आणि तेवढंच परत एकदा वाचलं,
सावकाश, एकेका शब्दावर थांबत,
बाजरी. एक. ते. तीन.