चोवीस तासांचा कॅन

सकाळची पहिली सोडून द्यायची,
उद्याची पहिली धरायची.
लॅबमधल्या पोरीने दोनदा बजावलं
आणि पाच लिटरचा पांढरा कॅन हातात दिला,
जणू मी दिवाळीचं तेल आणायला निघालेय.

रविवार निवडला.
एरवी मी पर्वतीच्या जलकेंद्रात असते,
खडकवासल्याचं पाणी
कुठल्या तासाला किती गढूळ, ते वहीत लिहीत.
सव्वीस वर्षं.
तुरटी किती, क्लोरीन किती,
वाळूचा थर उलटा कधी धुवायचा.
टाकीवर फेस दिसला की नदाफला हाक.
स्वतःचा फेस मात्र
फिनेलचा असेल म्हणून
चार महिने बादलीभर पाण्यानं घालवत राहिले.

चपलेच्या पट्ट्याचा वळ रात्रीपर्यंत राहायचा.
एप्रिलात स्वेटर.
आवाज असा बसला
की फोनवर लोक मला साहेब म्हणू लागले,
आणि मला ते जरा आवडलंही.

डॉक्टर बागवानांनी चिठ्ठीमागे चित्र काढलं.
वर गळ्यात एक फुलपाखरू,
खाली राजम्याचे दोन दाणे.
मी विचारलं, यांच्यामधला पाइप कुठाय?
हसले. पाइप नाही बाई, रक्त.
वरची मंदावली की खालची गाळणीही सुस्तावते,
तेवढं गोळीनं सुधारेल बहुतेक.
पण हे प्रथिन गळतंय ना,
ती कदाचित त्याच शिपायांची करणी,
जे आधी गळ्यावर चालून गेले.
कदाचित, म्हणाले. मोजू या.

फुलपाखरू आमच्याकडेही आहे,
बटरफ्लाय व्हॉल्व्ह, नऊशे मिलिमीटरचा.
तो अर्धवट अडकला
की दांडेकर पुलापलीकडे नळाची धार करंगळीएवढी होते
आणि शिव्या मात्र नळाला पडतात.

दुपारी नणंद आली.
बादलीमागे काय गं ते?
पाण्याचा नमुना, म्हटलं.
खोटं नव्हतं.

रात्री तीनला उठले.
अंधारात ओतताना आवाज ऐकला,
माझ्याच दोन मुठींएवढ्या कारखान्याचा,
ज्याची पाळी कधी बदलली नाही,
ज्याला मी कधी सुट्टी विचारली नाही.
आणि माझीच माणसं
माझ्याच दारावर दगड मारत होती,
मला ओळखत नसल्यासारखी.
कुणाची बाजू घेणार?

सोमवारी गोळी, मग अर्धा तास चहाविना.
झाकण घट्ट केलं.
सवयीनं कॅन खिडकीच्या उजेडात धरला.
लेबलवर वेळ लिहिली, नाव लिहिलं,
उज्ज्वला फडतरे,
आणि हात आपोआप खाली सरकला
पिण्यायोग्य / अयोग्य च्या रकान्याकडे.
तो तिथे नव्हता.

रिक्षावाला म्हणाला, काकू, तूप का?
मी हो म्हटलं.
स्वारगेटच्या आधी खड्डा आला,
तेव्हा पर्स पडली तरी पडू दिली,
कॅन दोन्ही हातांनी धरला.