खांबावरची बहीण

शिडी धरायला रुआरी, मालकीचा धाकटा,
त्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये.
चढायचो मी.
दोनशे दहा पोस्टर, पन्हळी प्लास्टिकचे,
वारा आला की पत्र्यासारखे बडबडणारे.
प्रत्येकाला चार भोकं, प्रत्येक भोकात एक पट्टी,
ती दातेरी, ओढली की आवळते,
आणि सोडायची म्हटलं तर कापावीच लागते.

ड्रमकीरनच्या चौकापासून बंद डेअरीच्या फाटकापर्यंत
दर तिसऱ्या खांबावर माझी बहीण हसत होती.
डिम्फना. विंचरलेल्या केसांची,
तशी तर मी तिला तिच्या लग्नानंतर पाहिलीच नव्हती.
खाली दोनच शब्द : रस्ता. दवाखाना.
तिसऱ्याचे पैसे नव्हते, असं तीच सांगायची आणि हसायची.

तिच्या फूटभर वर क्विग्ली, वीस वर्षांचा कौन्सिलर.
त्याची शिडी लांब होती.
लीट्रिम काउंटीचं राजकारण
मला त्या पंधरवड्यात एवढंच कळलं.

आईला गाडीतून डॉक्टरकडे न्यायचो
तेव्हा ती काचेला नाक लावून बसायची.
पहिल्या खांबाला गप्प.
दुसऱ्याला गप्प.
पाचव्याला माझी बाही धरली :
आपली डिम्फना हरवली का रे?
नाही गं. उभी आहे.
उभी?
तिने मागे वळून पाहिलं, पुढचा खांब आला तरी.
मग बसू दे की तिला जरा. एवढ्या पावसात.

दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी
शाळेजवळच्या पोस्टरला मिशा काढल्या.
बापावर गेलीय, आई म्हणाली,
आणि त्या दिवशी घरी येईपर्यंत खुश होती.

मतमोजणी जिमखान्यात, बास्केटबॉलच्या जाळीखाली.
अकरावी फेरी संपली तेव्हा रात्रीचे दोन.
एकोणीस मतं कमी.
दुसरी पसंती तिला पुष्कळांनी दिली होती,
तिसरी त्याहून जास्त.
आमच्याकडे ती सगळ्यांनाच आवडते,
फक्त कुणाच्या तरी नंतर.

आई जागीच होती.
हरली गं, मी म्हणालो.
हरवली, म्हणून मी कधीची सांगतेय,
आणि तुम्ही कुणी शोधायलाही गेला नाहीत.

पोस्टर सात दिवसांत उतरवायचे, नाहीतर दंड.
मी पट्ट्या कापत गेलो, टक, टक,
कुंपणाच्या गवतात पडल्या तशा सोडल्या.
(त्या उचलायला हव्या होत्या. अजून आहेत.)
एका पोस्टरमागे कोळ्याने संसार मांडला होता,
तो फाटकापाशी झटकला.

कोंबड्यांचं छप्पर गळतंय, हे डिम्फनानेच सुचवलं.
तीस पोस्टर लागले.
कोरी बाजू पावसाला, छापील बाजू आत,
म्हणजे खुराड्यात वाकून वर पाहिलं
की तीस बहिणी एकदम हसतात.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात ;
आमचं तर एवढ्या चेहऱ्यांखाली झाकलेलं,
तरी चार वाजता बोंब मारतं.
जूनमध्ये इथे रात्र तशीही नावालाच.

परवा सकाळी आई अंडी काढायला आत शिरली.
बराच वेळ बाहेर येईना.
मी वाकून पाहिलं तर मान वर करून उभी,
पदराऐवजी एप्रनचा ओचा केलेला, त्यात अंडी.
बसली एकदाची, ती छपराला म्हणाली.

दारात डिम्फना आली होती,
हातात दाण्याची बादली, बुटांना चिखल,
केस जसे असतात तसे.
आईने तिच्याकडे नीट पाहिलं,
ओच्यातली सहा अंडी मोजून तिच्या हातावर ठेवली,
शेजारणीला देतात तशी,
आणि म्हणाली, भांडं परत दिलं नाहीस तरी चालेल.
भांडं नव्हतंच.
डिम्फना हो म्हणाली.