उचलून बघते

माझं दुकान म्हणजे एक कंटेनर.
कधीकाळी समुद्रावर फिरलेला,
आता उलानबातरच्या गाडीबाजारात
बर्फात रुतून बसलाय.
आत विजेची एक शेगडी,
तीही माझ्याकडे तोंड करून.

जानेवारी. उणे चौतीस.
या दिवसांत गिऱ्हाईक येतं ते चिडूनच येतं,
गाडीवर, बायकोवर, मागच्या दुकानदारावर,
आणि एकच मागतं :
सगळ्यात मोठी दे.
मीही देतो.
मोठीत मला जास्त सुटतात, खोटं कशाला बोलू?

दुलामसुरेनबाई आल्या त्या
नातवाची घसरगाडी ओढत.
तिच्यावर, शाल पांघरून, जुनी बॅटरी.
मी चिमटे लावले. काटा उठला,
आजाऱ्यासारखा पुन्हा आडवा झाला.
"गेली," मी म्हटलं.
"ते मला कळलंय. नव्या दाखव."

मग मी माझं पाठ केलेलं सुरू केलं :
हा आकडा जोराचा, हा लांबीचा,
शेवटचं अक्षर सांगतं टोक कुठल्या हाताला,
आणि ही बघा तारीख, अगदी ताजी,
दुधासारखी.
"दुधाचं मला नको सांगूस," त्या म्हणाल्या,
हातमोजे काढले,
"उचलून बघते."

पहिली, मोठी, गुडघ्यापर्यंत आली.
दुसरी कमरेपर्यंत.
तिसरी, लहान खुळखुळ्या गाडीला देतो ती,
छातीशी धरली,
आणि माझ्या लोखंडी पायरीवर चढल्या.
उतरल्या. चढल्या.
ओठांत काहीतरी मोजत.
मला वाटलं, थंडी डोक्यात गेली.
"पाच मजले," त्या थांबून म्हणाल्या. "लिफ्ट नाही.
हीच दे."

मी समजावलं. या थंडीत हिचा जोर पुरणार नाही.
"थंडीत ती असतेच कुठे?
रात्रभर माझ्या स्वयंपाकघरात झोपते.
दूध राहतं गाडीत, थाळ्यांत गोठवलेलं.
त्याला ऊब लागली तर मी बुडाले,
हिला गारठा लागला तरी मी बुडाले.
पहाटे चारला दोघांची गाठ घालून देते."

खाच मोठी आहे, आत हलेल.
"बुरणूस कोंबीन."
टोकं बारीक आहेत, शिशाच्या टोप्या घालाव्या लागतील.
"घाल की. नातवालाही
टोपीशिवाय कुठे बाहेर काढते?"

जुनीला एक दोरी होती,
घोड्याच्या केसांची, हाताने वळलेली,
मुठीसाठी फासा सोडलेला.
एवढा रुंद की त्यात बाईंच्या दोन मुठी मावाव्यात.
गाठ तेलाने, मिठाने दगड झालेली.
मी सुरी पुढे केली.
त्यांनी ती बाजूला सारली
आणि नखांनी, दातांनी,
माझी तीन गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून
गाठ सोडवली.
दोरी नव्या बॅटरीला बांधली.
फासा मात्र
आपल्या हाताच्या मापाचा घेतला.

जुनीचं शिसं वजनावर जातं.
मी ती तराजूवर ठेवली :
सतरा किलो, वर चारशे ग्रॅम.
आकडा वाचून दाखवला, रक्कम वजा केली,
पण त्या तराजूकडेच बघत राहिल्या.
"रोज?"
मला नाही विचारलं.
काट्यालाच विचारलं असावं.
"आणि वर आल्यावर म्हणायचा,
चहा टाक, काही दमलो नाहीये."

पैसे मोजून दिले. पावती नको म्हणाल्या.
घसरगाडी दाराच्या उंबऱ्याला अडली
ती स्वतःच सोडवली.

त्यानंतर दोनदा माझ्या तोंडून निघून गेलं,
बॅटरी मागणाऱ्या धडधाकट माणसांना विचारलं :
कितव्या मजल्यावर राहता?
एकाने उत्तर दिलं.
दुसरा भांडला,
आणि सगळ्यात मोठी घेऊन गेला.