परत आलेली रिंग

एक तारा.
खाली दोन ओळी: शिट्टी होत नाही.
विकणारा चोर आहे.

कुकरच्या रिंगा विकतो मी,
कोपरखैरण्याला, रो-हाउसच्या पोटमाळ्यावरून,
तीन लिटर, पाच लिटर, साडेसहा,
आतल्या झाकणाची, बाहेरच्या झाकणाची.
त्याआधी बावीस वर्षं रबाळ्याला रबर भाजलं.
गंधक अंगात असा मुरला होता की
कुंदा म्हणायची, तुम्ही आलात हे बेलच्या आधी कळतं.
कारखाना गेला. नाक राहिलं.
अजून प्रत्येक रिंग आधी हुंगतो,
चिमटीत दाबून सोडतो,
मगच पाकिटात घालतो.

तिथे इनामदार नावाचा तपासनीस होता.
खडूस. जेवणाच्या सुट्टीतही माल नापास करायचा.
पण लाल खडूने गोल करून
शेजारी लिहायचा:
बुडबुडा. काठ फाटका. अर्धा मिलिमीटर कमी.
आम्ही शिव्या घालत वाकून बघायचो
आणि बुडबुडा असायचा.

शलाका म्हणाली, बाबा, उत्तर लिहा. पण सभ्य.
लिहिलं: बाई, पाच लिटरच्या कुकरला
तीनची मागवली असणार तुम्ही.
खोडलं.
लिहिलं: चोर असतो तर एका रिंगेमागे
साडेअकरा रुपये मिळवत बसलो असतो का?
खोडलं.
लिहिलं: प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
ते मात्र लगेच गेलं.
माझं एकही वाक्य नव्हतं त्यात, म्हणून असेल.

चार पूर्णांक सहाचे चार पूर्णांक तीन झाले.
दिवसाची अठरा पाकिटं होती, सात झाली.
शलाकाने घड्या घालून ठेवलेले खोके
तसेच राहिले, जिन्याच्या कडेला,
येता-जाता पायाला लागत.

नवव्या दिवशी रिंग परत आली.
माझंच पाकीट, उलटं करून चिकटवलेलं.
हेमलता दुधगावकर, परभणी.
सवयीने हुंगली.
गंधक नाही, रबर नाही.
हिंग.
खोबणीत हळदीची रेघ,
पूर्ण गोल, कुठेही न तुटलेली,
आणि तुरीची अर्धी डाळ, वाळून घट्ट धरलेली.

म्हणजे वरण झालं होतं.
एकदाच नाही; एका दिवसात रेघ इतकी चढत नाही.
आठवडाभर जेवलं होतं ते घर माझ्या रिंगेवर.

फोटो काढले. पुरावा म्हणून पाठवले.
कंपनीचं उत्तर दीड मिनिटात:
मत ग्राहकाचं असतं. तक्रार बंद.
त्या रात्री जेवताना मी कुणाशी बोललो नाही.
कुंदाने आमटी वाढली,
तिच्यात हिंग होता, तेही चिडायला पुरलं.

झोप येईना. उठलो,
ती रिंग आमच्या कुकरला बसवली,
नुसतं पाणी ठेवलं.
आतून कुंदा अर्धवट झोपेत मोजत होती,
एक झाली. दोन झाल्या.
तिसरीला गॅस बंद केला
आणि तसाच ओट्यापाशी उभा राहिलो.
रिंग चांगली आहे.
आणि शिट्टी होत नाही, हेही खरं असेल.
आधी झाली असेल, मग थांबली असेल.
मग नळी. वाफेची नळी.
डाळीच्या फेसाने तुंबली असणार,
आणि बाई रोज झाकण लावून
शिट्टीची वाट बघत त्याच्याशेजारी उभी.

तीन लिटर की पाच लिटर, हे मीही
न बघताच ठरवलं होतं.

सकाळी पोस्टात गेलो.
खिडकीवरच्या मुलाने पोस्टकार्ड शोधायला बराच वेळ लावला.
शलाकाच्या लाल पेनने लिहिलं:
नळी तुंबली आहे. झाकण काढून, थंड झाल्यावर,
सुई घालून साफ करा. उजेडाकडे धरून आरपार बघा.
तोवर त्यात काही शिजवू नका.
रिंगेत दोष नाही.

ताऱ्याबद्दलही एक ओळ लिहिली होती.
खोडली.
पोस्टकार्डावर खोडलेलं दिसतं.