दोन सेकंद

सकाळी सव्वासातला, ताडवाडीच्या गल्लीत
मी किल्ली पिळतो,
आणि पहिल्या मजल्यावरच्या डिमेलो बाई
खिडकीतून सांगतात : बॅटरी.
इस्त्रीवाला म्हणतो, प्लग.
शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर
गाडीकडे न बघताच म्हणतो, विकून टाका.
आत मी, घामाघूम,
खर्र खर्र खर्र खर्र,
ओळखीचा आवाज.
घशातला.

बॅटरी बदलली. चार हजार सहाशे.
प्लग बदलले.
परळचा एक पोरगा कॉइल काढायला निघाला,
मी नको म्हणायला गेलो,
'न'वर अडकलो,
तोवर कॉइल त्याच्या हातात होती.

रे रोडच्या पुलाखाली
भंगाराच्या वखारींना पाठ लावून
मुकादमांचं गॅरेज. पाटी नाही.
एका टायरवर खडूने 'आत या', तेही अर्धं पुसलेलं.
त्यांनी बॉनेट उघडलं नाही.
चहाचा ग्लास विसळता विसळता विचारलं :
थंड असताना, की गरम?
रात्रभर उभी राहिल्यावर, की अर्ध्या तासानेसुद्धा?
कितव्या किल्लीला घेते?
घेतल्यावर काळा धूर? पेट्रोलचा वास?
मग दिवसभर कशी चालते?

मी म्हणालो, स…
स…
ते ग्लास विसळत राहिले.
सकाळीच.
एकदा घेतली की मग नीट.

बेचाळीस वर्षांत
मावशीने मधात वेखंड उगाळून चाटवलं,
मास्तरांनी बाकावर उभं केलं,
कानाघशाच्या डॉक्टरने जीभ बाहेर काढायला लावली,
पण हे असं कुणी विचारलं नव्हतं.
सांगितलं असतं.
फोनवर जास्त. कुत्र्याशी कधीच नाही.
माझ्या स्वतःच्या नावावर हमखास.
शिव्या सरळ येतात.

एक प्लग काढून त्यांनी हुंगला. कोरडा.
म्हणजे इंजेक्टर गळत नाही, म्हणाले,
आणि पेट्रोलच्या नळीला काटा जोडून
गाडी रात्रभर ठेवून घेतली.
संध्याकाळी काटा तीनवर.
सकाळी शून्यावर.

'टाकीतल्या पंपाच्या तोंडाशी झडप असते,
शेंगदाण्याएवढी.
पेट्रोल नळीत धरून ठेवणं, एवढंच तिचं काम.
ती धरत नाहीये.
रात्रभरात सगळं हळूहळू मागे जातं,
सकाळी तुम्ही किल्ली पिळता
आणि इंजिन बिचारं कोरडं फिरतं.
त्याच्यात काही खोट नाही.'

नवा पंप यायला चार दिवस.
तोवर : किल्ली अर्धी फिरवा. थांबा.
मागच्या सीटखालून बारीक गूं ऐकू येईल.
दोन सेकंद.
बंद करा. परत अर्धी. परत गूं.
मग मारा.

मंगळवारी डिमेलो बाईंनी 'बॅ' म्हटलं
आणि गाडी घेतली एका झटक्यात.
उरलेलं 'टरी' त्यांनी कुंडीतल्या तुळशीला ऐकवलं असावं,
मी वळणावर पोचलो होतो.

त्याच दिवशी बँकेत, काउंटरवर,
मी अर्धी किल्ली फिरवून पाहिली.
थांबलो. कान दिला.
माझ्या मागच्या सीटखाली काही वाजत नाही.
काचेमागची मुलगी म्हणाली, नेक्स्ट.

शुक्रवारी पंप बसला.
जुना मुकादमांनी माझ्या हातात दिला,
वजनाला हलका, वास तिखट,
हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं.
पहिल्याच किल्लीला घेतली सँट्रो.
'चालू राहू द्या जरा,' म्हणाले,
आणि बिलबुक उघडलं, कार्बन सरळ केला.
नाव?

प…
पेन कागदावर टेकलेलं, तसंच.
पुलावरून एक ट्रेलर गेला, पत्रे थरथरले.
प…
त्यांनी मान वर केली नाही,
'पाटील?' असं विचारलं नाही,
'परांजपे?' असंही नाही.
रकान्यात एक निळा ठिपका,
मागे इंजिन,
आणि त्यांना काही घाई नव्हती.