ताट पुढं गेलं

त्या रविवारी रिबकाबाईंचा हात
बाकाच्या कडेशी पसरलेला होता
आणि प्रभुभोजनाचं ताट माझ्याकडं.
मी मंडळीचा वडील.
सदरा पांढरा, इस्त्री कडक, नियम पाठ.

बाईंनी आदल्या महिन्यात पंचगंगेत उतरून
दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतलेला.
कानातल्या कुड्या काढल्या,
लक्ष्मीपुरीत टायरच्या दुकानावरच्या खोलीत
टाळ्या वाजवणाऱ्यांत जाऊन बसल्या.
तिथं आम्हाला म्हणत नामधारी,
आम्ही त्यांना हालेलुयावाले.
तरी त्या रविवारी त्या का आल्या, कोण जाणे.
आईचा बाक होता तो, म्हणून असेल.

मी ताट पुढं नेलं.
पलीकडच्या हाताला तुकडा दिला.
बाईंचा तळहात उघडाच राहिला थोडा वेळ,
मग त्यांनी तो मिटला, सावकाश,
आत काहीतरी असल्यासारखा.

मी पॅटर्नमेकर.
उद्यमनगरात एकतीस वर्षं सागवान कोरलं.
केसभर चुकलं तरी फौंड्रीतला सादिक
माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा.
आणि लाकूड मापापेक्षा जरा मोठंच ठेवावं लागतं,
कारण लोखंड निवताना आकसतं.
हे पोरांना शिकवताना
माझ्या कधी डोक्यात आलं नाही
की मी काय बोलतोय.

गेल्या थंडीत सत्वशीलाला सीपीआरमध्ये नेलं.
फुप्फुसात पाणी. खाट सतरा.
आमचे पाळक आले, एक स्तोत्र वाचलं,
चांगला माणूस, पण बैठक होती त्यांची.
शेजारच्या खाटेवर आजऱ्याच्या फिलोमिना बार्देस्कर,
जपमाळेचे मणी ओढता ओढता
माझ्या बायकोचंही नाव घ्यायच्या.
मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
मरियेचा वशिला आपल्याला नको,
असं काहीतरी पुटपुटलोही.

तिसऱ्या रात्री जिन्यात चपला वाजल्या.
रिबकाबाई. कान तसेच मोकळे.
हातात फडक्यात बांधलेली भाकरी.
"जेवला नसशील, दादा."
नव्हतोच. परवापासून.

मग त्या खाटेशी उभ्या राहून प्रार्थना करू लागल्या,
मोठ्यानं, हात वर करून,
मध्येच अशा भाषेत
जी मला येत नाही
आणि बहुतेक त्यांनाही येत नसावी.
सिस्टर धावत आली. मला मेल्याहून मेल्यासारखं.
म्हणालो, "बाई, हळू. देव बहिरा नाही."
नाकातल्या नळीआडून सत्वशीला म्हणाली,
"असू दे. तुम्ही तर गप्पच बसता.
कुणीतरी बोलायला पाहिजे."
पलीकडून फिलोमिनाबाईंनी
त्यांच्या कोकणी हेलात आमेन म्हटलं,
दोनदा.

बाहेर बाकड्यावर मी भाकरी मोडली.
इतकी वर्षं ताट फिरवलं,
बोटं कधी अशी कापली नव्हती.
विचारलं, "तो रविवार आठवतो का?"
त्यांनी खर्ड्याची पुडी सोडली, माझ्यापुढं सरकवली.
"तिखट आहे," म्हणाल्या, "जपून."

सत्वशीला घरी आली. दमते अजून.
रिबकाबाई अजूनही म्हणतात,
माझा बाप्तिस्मा म्हणजे नुसता शिंतोडा.
मी म्हणतो, बुडून निघालं म्हणून
म्हैस पवित्र होते का?
बिंदू चौकात भाजीच्या पिशव्या खाली ठेवून
भांडतो आम्ही. लोक बघतात.
मग त्या पिशवीतून दोन लिंबं काढून देतात,
"वहिनीला सरबत कर."

आमच्याकडं त्या येत नाहीत.
मी एकदा त्या टायरच्या जिन्यापर्यंत गेलो,
टाळ्या ऐकल्या, परत फिरलो.
पण महिन्याच्या पहिल्या रविवारी
त्या बाकापाशी माझं माप चुकतं.
रिकाम्या जागेसमोर
ताट एक श्वास जास्त थांबतं.
मागून कुणीतरी खोकतं.